बावखलाचे पाप

वडील वारले त्याआधीचे काही महिने ते कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेत नव्हते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघरी येतात. भुईगावातल्या आमच्या घरीही यायचे. आई टेबलावर पांढरे कापड अंथरून मेणबत्ती लावायची. वडील उशीला टेकून बसायचे, प्रार्थना म्हणायचे आणि कम्युनियनची वेळ आली की तोंड मिटून घ्यायचे.

त्यांचे म्हणणे असे होते की पापाची कबुली दिल्याशिवाय कम्युनियन घेता येत नाही, आणि त्यांच्या पापाला कोणी पाप म्हणायला तयार नाही.

पाप बावखलाचे होते. आमच्या वाडीच्या टोकाला गोड्या पाण्याचे जुने बावखल होते. बावखल म्हणजे खोदलेला मोठा खड्डा. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवते. समुद्र जवळ असल्याने ते नसले तर खारे पाणी आत सरकते. जागा वडिलांसह तीन भावांची होती. दोघांना ती विकायची होती. घेणाऱ्याची अट होती की बावखल आधी बुजवून द्यायचे. बरीच वर्षे नाही म्हटल्यावर वडील हो म्हणाले. पाडलेल्या इमारतींचा भराव ट्रकने आला. पुढे दोन पावसाळे गेले आणि आळीतल्या विहिरी मचूळ झाल्या, मग खाऱ्या. सर्वांत आधी शेजारणीची. तिची विहीर बावखलाला लागून होती आणि तिच्या पानवेली त्या पाण्यावर होत्या. त्या पिवळ्या पडल्या, मग जळाल्या. तिचा मुलगा आता माणिकपूरला रिक्षा चालवतो.

मी तेव्हा बोळिंजला राहत होते आणि मुंबईत एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करत होते. शनिवारी घरी यायचे. बातमीत पाप हा शब्द आम्ही वापरत नसू. गुन्हा असतो, आरोप असतो, हलगर्जी असते. प्रत्येकाला कलम असते. बावखल बुजवण्याबद्दल वडिलांवर कोणतेही कलम लागले नव्हते.

फादर विद्वान होते. सेमिनरीत हिब्रू आणि ग्रीक शिकले होते, आणि विषय निघाला की त्यांना थांबवणे अवघड जायचे. एका शुक्रवारी वडिलांनी तोंड मिटल्यावर त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"बाबा, जुन्या करारात पापाला एक शब्द नाही. निदान तीन आहेत. एक हत्ता. म्हणजे नेम चुकणे. गोफणवाल्यांची एक गोष्ट आहे, केसावर नेम धरला तरी दगड चुकत नसे, तिथे हेच क्रियापद आहे. ग्रीकमधला हामार्तिया तोच, नेम चुकणे. दुसरा पेशअ, म्हणजे बंड, जाणूनबुजून नाते तोडणे. तिसरा आवोन, वाकडेपणा. तो माणूस पाठीवर वाहतो."

"माजं कोनतं?"

"तुमचं पहिलं. नेम चुकला. मनात वाईट नव्हतं. पाणी जाईल हे कुठे माहीत होतं?"

"माहीत होतं," वडील म्हणाले. "माजा नेम नाय चुकला, फादर. दगड कुठं लागनार ते दिसत होतं. माज्या बापानं सांगितलेलं, बावखलाला हात लावू नको, खालच्या विहिरी मरतील. मी हो म्हटलं तवा शेजारची बाय तिच्या विहिरीवर पानी भरत होती. मी बघितली तिला."

फादर म्हणाले, "गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, पूर्ण संमती हवी. भावांचा दबाव होता, म्हणजे संमती पूर्ण नव्हती."

"लहानपनी फादरच्या वाडीतला पेरू चोरला तर गुडघ्यावर बसवलेलं मला. पेरूला पाप, बावखलाला काय नाय?"

आई दारातून म्हणाली, "सगली उमर ह्यांना कबुलीला पाप सापडत नव्हतं. आता एक सापडलं तं फादर घेत नाय."

फादर हसले. निघताना अंगणात मला म्हणाले, "मी क्षमा देऊ शकतो. त्यांच्या समाधानासाठी. पण हे पाप आहे असं मी म्हटलं, तर रविवारी कितीजणांना कम्युनियन देता येईल? गावात किती बावखलं उरलीत?" आकडा मला माहीत नव्हता आणि त्यांनाही माहीत नव्हता.

समाधानासाठी दिलेली क्षमा वडिलांनी नाकारली. त्यांचा मुद्दा सरळ होता. जे पाप नाही त्याची क्षमा होत नाही. म्हणजे ते तसेच घेऊन मरायचे.

उन्हाळ्यात त्यांचे खाणे सुटले. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितले. आमच्या आळीत एक रीत आहे. आजाऱ्याच्या कपाळाला फादरनी पवित्र तेल लावण्याआधी शेजाऱ्यांना बोलावतात. आजारी माणूस हात जोडून म्हणतो, चुकलं-माकलं माफ करा. शेजारी म्हणतात, देवानं केलं, आमीही केलं. काय चुकले ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. चहा होतो. रीत एवढीच.

त्या दुपारी पाच-सहा घरची माणसे आली. शेजारीण शेवटी आली आणि दाराशी उभी राहिली. वडिलांनी हात जोडले, पण ठरलेले वाक्य म्हटले नाही.

"मी बावखल बुजवलं," ते म्हणाले. "तुमच्या विहिरी मारल्या."

खोलीत चुळबूळ झाली. एक जण म्हणाला, "सोडा ना काका, सगल्यांनीच बुजवली. आता नळ आला."

"कुठला नळ?" दुसरा म्हणाला. "टँकर बोल."

"गप बसा," आई म्हणाली.

वडील फक्त शेजारणीकडे बघत होते. "बाय, तू सांग."

ती पुढे आली. पदर हातात घट्ट धरला होता. आवाज चढला नव्हता.

"काका, ते पापच होतं. त्या दिवशी तुमी मला बघितलं नं? मीपन तुमाला बघितलं. वाटलं, आता हाक मारतील, बाय, घागरी भरून ठेव, म्हनतील. तुमी घरात गेलात."

"होय."

"मग पापच. पन मी माफ नाय करनार. माज्या तोंडून ते नाय येनार."

चहाचे कप तसेच राहिले. वडिलांनी जोडलेले हात खाली घेतले. मला वाटले ते रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी मान हलवली, एखादा हिशेब पटल्यावर हलवतात तशी, आणि आईला म्हणाले, "फादरला बोलव. आता बोलव."

फादर आले तेव्हा शेजारी अंगणात होते. शेजारीणही होती. दार लावून घेतले. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. कबुली तिथेच राहते. दार उघडले तेव्हा फादरांचा चेहरा उतरला होता. ते शेजारणीसमोर थांबले, मग आत वळले. वडिलांच्या कपाळाला तेल लावले, कम्युनियन दिले. ते गिळेना म्हणून आईने चमच्याने पाणी पाजले. पाणी विकत आणलेल्या बाटलीतले होते.

त्याच आठवड्यात ते गेले.

दफनाच्या वेळी शेजारीण रांगेत शेवटी होती. तिने मूठभर माती टाकली आणि हात पदराला पुसले. परतताना मी तिच्याबरोबर चालत होते. विचारू नये असे वाटत होते, तरी विचारले.

"काकी, आता तरी माफ केलं का?"

"नाय," ती म्हणाली. "देवानं केलं असंल तं तेचं तेला. माजी विहीर तशीच हाय."

तिच्या फाटकापाशी आलो. मातीने भरलेले हात धुवायला तिने मला विहिरीवर नेले. पोहरा सोडला, वर ओढला, आधी माझ्या हातावर पाणी घातले. माझ्या बोटाला न भरलेली चीर होती. ती झोंबली.