फळ्याखालचा हात

"खाली बसा मॅडम, डोकं दिसतंय."

मी आणखी खाली सरकले. फळ्यासमोर एक बाक आडवं लावलेलं. बाकाच्या मागे फरशीवर मी, मांडीवर शब्द लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. शेजारी सूनबाई उभ्या. इस्त्रीची साडी, केस मोकळे. समोर तिवईवर मोबाईल. त्यांनी हात खाली केला की मी पुढची पट्टी वर द्यायची आणि हात पटकन आत घ्यायचा. एवढंच माझं काम. वय एकोणचाळीस, एम.ए., बी.एड., आणि मी बाकामागे लपलेली.

खाली बसा म्हणणाऱ्या ताई, म्हणजे आमच्या शाळेच्या मालकीणबाई. माण गावातली त्यांची भाताची खाचरं आयटी कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही इंग्रजी शाळा काढली. त्यांच्या सूनबाई पुण्याच्या. इंग्रजी फाडफाड बोलतात, पण व्याकरण शिकवायचं म्हटलं की गडबडतात. म्हणून मी बाकामागे.

धडा माझा होता. इंग्रजी वाक्य उलटं फिरवायचा. 'यू कॅन रिअली स्विम' हे साधं वाक्य. त्याचा प्रश्न केला की 'कॅन' उठून 'यू'च्या आधी जातं. पोरं मग 'रिअली'लाही त्याच्या मागोमाग पळवतात. 'कॅन रिअली यू' म्हणतात. तसं होत नाही. 'रिअली' आपलं 'यू'नंतरच थांबतं, 'कॅन यू रिअली स्विम?' सुरुवातीला 'नेव्हर' आलं तरी हीच तऱ्हा. 'नेव्हर कुड आय रिअली स्लीप.' पुस्तकातला नियम पोरांच्या डोक्यावरून जायचा. मग मी पोरांच्याच गळ्यात पट्ट्या अडकवल्या. प्रत्येक पोर म्हणजे एक शब्द. 'कॅन'ला म्हटलं, पळ पुढं. 'रिअली' निघाली की तिचा हात धरून ठेवायचा. वर्ग खिदळायचा आणि नियम पक्का बसायचा. कुणी शिकवलं नव्हतं मला हे. वर्गात रोज उभं राहून सुचलेलं.

ताईंनी एकदा दारातून ते पाहिलं. खूश झाल्या. म्हणाल्या, "ह्याचे व्हिडिओ करू. शाळेचं नाव हुईल." मला वाटलं, चला, आपलंही होईल.

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर सूनबाई उभ्या. मी विचारलं तर ताई सरळच म्हणाल्या, "तुमचं इंग्लिश लई गावठी हाय. पालक कंपनीतले. त्यास्नी न्हाई चालायचं."

लई गावठी हाय. हे कोण म्हणतंय बघा. हसू यायला हवं होतं, आलं नाही. पुढचं वाक्य आलं म्हणून.

"तुमच्या लोकास्नी समदं सवलतीत मिळतंय. थोडं आमचंबी समजून घ्या."

कसली सवलत? खासगी शाळेत कसलं आलंय आरक्षण? आम्ही बौद्ध. कासार आंबोलीत गावाच्या कडेला आमची वस्ती. आईनं बंगल्यांच्या बागा खुरपून मला शिकवलं. हायस्कूलला इंग्रजीचे सर होते, ते भर वर्गात म्हणाले होते, "तुमच्या वस्तीतल्या पोरींना 'यस मॅडम' आलं तरी पुरे. बंगल्यावर तेवढंच लागतं." वर्ग हसला होता. मी चौदा वर्षांची. त्या रात्रीपासून व्याकरणाचं पुस्तक पाठ करत सुटले. आणि पंचवीस वर्षांनी काय? यस मॅडम म्हणून बाकामागे बसले. कुणी ढकललं नाही. माझी मी बसले, याचीच जास्त लाज वाटते.

का बसले? नोकरी होती. आईचे गुडघे गेलेत, घरात कमावती मी एकटी. आणि खरं सांगू, दमले होते. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव सांगा, मग आपण कुणापेक्षा कमी नाही हे सिद्ध करा, मग पुन्हा पहिल्यापासून. माणूस कंटाळतो. म्हटलं, धडा तर पोरांपर्यंत पोचतोय. अशी मनाची समजूत घालून सात धडे बसून काढले.

घरी मात्र सांगितलं नाही. व्हिडिओ करतोय एवढंच सांगितलं. आईनं ते वस्तीभर केलं. एका रविवारी घरी आले तर विहाराच्या ओट्यावर दहा-बारा बाया बसलेल्या. आईच्या हातात शेजारच्या पोरीचा मोबाईल, त्यावर शाळेचा धडा लावलेला. आईनं त्यासाठी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

बाया बघत राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "ही कोण?" मी चपला काढत तिथंच उभी. आई मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. बाकाच्या कडेनं एक हात वर यायचा, पट्टी द्यायचा आणि नाहीसा व्हायचा. लहानपणी भात कापताना विळा लागून माझ्या अंगठ्याचं नख दुभंगलंय. ते तसंच उगवतं.

आईनं मान वर केली.

"ह्यो हात तुजा हाय. मग तोंड दुसरीचं का गं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मोबाईल पोरीला परत दिला आणि बायांना म्हणाली, "चला, चहा टाकते." सगळ्या जणी चहा प्यायल्या. कुणी धड्याचा विषय काढला नाही. तसा अपमान माझा उभ्या जन्मात कुणी केला नव्हता, आणि तो त्या बायांनी केलेला नव्हता. मी केला होता. आईचा, त्यांचाही.

सोमवारी आठवा धडा होता. बाक लावलेलं, सूनबाई तयार. मी पट्ट्यांची पिशवी खांद्यावरून काढली नाही.

"ताई, आजपासून धडा मी उभी राहून घेणार. व्हिडिओखाली माझं नाव लिहायचं."

"आन् न्हाई म्हणलं तर?"

"तर धडा नाही."

"तुमच्यासारख्या धा मिळत्याल."

"मिळवा."

सूनबाई खाली बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "मॅडम, आजचा एवढा एक करून द्या ना, प्लीज. मला खरंच जमणार नाही." मला त्यांची कीव आली. पण दिला नाही. समजून घेऊन घेऊनच इथवर आले होते.

महिनाअखेरीस ताईंनी मला मोकळं केलं. ते सात व्हिडिओ अजून चालतात. पालक खाली वा वा लिहितात. मी लेखी मागितलं, ते काढा किंवा माझं नाव घाला. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी नवा अर्ज नेऊन देते, पोच घेते. शिपाई म्हणतो, "कशाला हेलपाटं घालताय मॅडम?" दुसरी नोकरी अजून लागलेली नाही. दोन शाळांनी नमुना पाठ घ्यायला लावला, वाहवा केली आणि नंतर कळवतो म्हणाले. आई काही विचारत नाही. मी दमलेली आहेच. तेव्हा होते त्याहून जास्त.

पण हे ठरलं. यापुढं मी शिकवलेलं माझ्या नावानं जाईल. नाहीतर त्यातला एक शब्दही कुणाला मिळणार नाही.