मोरचुदाची खळ

खोकीवाल्या काकूंची जीभ म्हणजे कातर. घरात बसून पुठ्ठ्याची खोकी चिकटवण्यात त्यांचा जन्म गेला. पुठ्ठे कारखान्यातून यायचे, खळ शिजवायला पीठही तिथूनच. पण मुकादम त्या पिठात आधीच विषारी मोरचूद कालवायचा. का, तर उपाशी बायका खळच खातात म्हणून! मेल्याची अक्कल बघा.

काकूंच्या थोरल्या लेकीनं यावर कादंबरी लिहिली आणि एकच गहजब झाला. वाचणारे रडले, कारखान्यावर मोर्चे गेले, शेवटी कायदा झाला: पिठात विष कालवायचं नाही आणि घरी काम करणाऱ्या बायकांना मजुरीच्या वर धान्यही द्यायचं. गल्लीतल्या चुली दोन्ही वेळा पेटू लागल्या. काकूंना काय आनंद नव्हता? होता की! पण लेकीनं पुस्तक वाचून दाखवलं, त्या दिवसापासून त्यांनी मान खाली घातली ती घातलीच.

पुस्तकात एकदा मुकादम मोरचूद घालायला विसरतो. आई त्या पिठाची पेज करते, दोन्ही लेकरांना पोटभर पाजते आणि स्वतः पाणी पिऊन झोपते. झालं! जो तो येऊन पाया पडू लागला. शेजारीण तर म्हणाली, "काकू, तुम्ही साक्षात देवमाणूस!"

काकूंनी तिला हाकललं. "जा गं, खोकी वाळत पडलीत माझी!"

मुकादम विसरला होता, हे खरं. पेजही झाली होती. काकूंनी चव बघायला म्हणून एक घोट घेतला, मग दुसरा, आणि भांडं खाली ठेवलं तेव्हा त्यात खरवड उरली होती. तीच पाणी घालून त्यांनी लेकरांना दिली. धाकटा "पातळ आहे" म्हणून रडला, तर वर त्याला थोबाडीत मारली. ती थोबाडीत अजून हाताला झोंबायची.

आज लेकीचा सत्कार होता. व्यासपीठावर आईसाठी खुर्ची होती. लेक न्यायला आली, तर काकू खळ ढवळत बसलेल्या.

"आई, अजून तयार नाहीस? लोक खोळंबलेत."

"मी येत नाही. पुस्तकातली ती बाई मी नव्हे." काकूंनी खाली बघतच सांगून टाकलं. "तुमच्या आधी मी गिळलं गं. सगळं."

लेक आत येऊन त्यांच्याशेजारी टेकली. मग हळूच म्हणाली, "मला माहीत आहे. मी पाहिलं होतं दाराआडून."

काकूंचा हात थांबला. इतकी वर्षं जे पोटात दडवलं, ते या पोरीनं तेव्हाच पाहिलं होतं!

"मग तसंच का नाही लिहिलंस?"

"लोक तुला नावं ठेवतील म्हणून."

"लोक?" काकूंनी प्रथमच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "मुकादमाची सगळी लक्तरं वेशीवर टांगलीस, तेव्हा नाही कुणाला भ्यालीस. भुकेनं आईचंही काय होतं, तेवढं मात्र झाकलंस. तुलाच लाज वाटली ना माझी?"

 आता लेकीची मान खाली गेली.

"जा, उशीर होतोय तुला," काकू खळीकडे वळत म्हणाल्या. "आणि ती खुर्ची रिकामी ठेवू नकोस. बसव तिच्यावर तुझ्या पुस्तकातल्या आईला."