दुसरं नाणं

बाबांची नजर कडेकडेने गेली. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग नळीतून पाहावं तेवढंच समोरचं उरलं. कोयलीच्या रिफायनरीतली नोकरी त्यांना मुदतीआधी सोडावी लागली. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून उतरतं. प्रत्येक मुलाला येण्याची आणि न येण्याची शक्यता सारखीच.

मी आणि माझी धाकटी बहीण एकाच दिवशी तपासणीला गेलो. निकाल आला. मला ते होतं, तिला नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर ती माझ्या गळ्यात पडून रडली. पण त्याआधी तिने सुटकेचा जो श्वास सोडला, तो मी ऐकला होता. त्या श्वासाचा मला आजही हेवा वाटतो.

घरी आई म्हणाली, "दोघींतल्या एकीला येणारच होतं. थोरलीने अंगावर घेतलं."

"लिहिलेलं चुकत नाही," बाबा म्हणाले.

मी बडोद्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. पहिल्या नाण्याचा छापा पडला की काटा, हे दुसऱ्या नाण्याला ठाऊक नसतं, असं दरवर्षी मुलांना सांगते. मला राहवलं नाही.

"असं काही नसतं, आई. आम्ही दोघीही सुटू शकलो असतो. माझ्यामुळे ही वाचलेली नाही."

बहिणीचा चेहरा उतरला. तिला आईचं म्हणणं हवं होतं. ताईने आपल्यासाठी काही दिलं असं मानलं की आभार तरी मानता येतात. मलाही ते आवडलं असतं; त्यागात निदान मोठेपणा असतो. माझ्या वाट्याला तोही आला नाही. लिहिलेलंच असेल तर मलाच का, आणि योगायोग असेल तर तिला का नाही? कुठूनही निघाले तरी मी तिच्यापाशीच येऊन थांबते.

आता मी स्कूटर चालवत नाही. सकाळी तीच मला शाळेत सोडते. गेल्या आठवड्यात सर्कलवर वळताना डावीकडून रिक्षा आली. मान न वळवता तिने ब्रेक दाबला.

"तुला दिसली कशी गं?"

"दिसली, बस," ती म्हणाली आणि स्कूटर पुढे काढली.

शाळेपाशी उतरल्यावर तिने हात पुढे केला. पायऱ्या मला अजून एकटीने चढता येतात. तरी मी तो धरला, जरा जोरातच.