बियाण्याचं पोतं

फिटनेसच्या स्पर्धेत जड पोतं खांद्यावर घेऊन पळायचं होतं. सरावासाठी झरी गावातल्या आमच्या घरात बाबांनी बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीनचं पोतं मी महिनाभर उचललं आणि दर फेरीला धाडकन खाली टाकलं. आपटल्यानं सोयाबीनचं बी मरतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मला तेव्हा फक्त स्पर्धा दिसत होती.

पेरणीआधी बाबांनी शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून पाहिले. निम्मेही उगवले नाहीत.

"माझंच वाळवायचं चुकलं," ते आईला म्हणाले. मी शेजारीच बसलो होतो.

विकतचं बियाणं आलं तेव्हा मी उचलायला धावलो.

"राहू दे, पाठ लचकंल. तुझी स्पर्धा हाय," म्हणत बाबांनी ते स्वतः उचललं आणि अलगद खाली ठेवलं.