कान कातरलेली चिंगी

आज सकाळी पार्किंगमध्ये चक्क एक पिल्लू बागडत होतं! बदामाच्या वाळक्या पानावर झडप घालायचं, त्याच्या आवाजानं स्वतःच दचकायचं, की पुन्हा झडप!

शेजारच्या कुसुमताई दूध घेऊन येता येता थबकल्या. "अगं, नवीन पिल्लू आलंय वाटतं!"

मी वाकून पाहिलं आणि ओरडलेच, "पिल्लू कसलं, ताई! आपली चिंगी आहे ही! डावा कान बघा."

कानाचं टोक कापलेलं होतं. नसबंदी झालेल्या मांजरीची ही खूण, म्हणजे पुन्हा कुणी तिला त्यासाठी पकडत नाही. तिला डॉक्टरांकडे नेताना याच कुसुमताई हळहळल्या होत्या, "मुक्या जिवाचं आईपण कशाला हिरावून घेतेस?" पण माझ्या डोळ्यांसमोर होती ती पंपाच्या खोलीमागची चिंगी. पोट खपाटीला गेलेलं, पिल्लं लुचतायत, त्यातली निम्मी जगायची नाहीत, आणि ती सावरायच्या आत पुन्हा गाभण.

स्वतः पिल्लू असतानाच आई झाली होती बिचारी. तिला खेळताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं!

कुसुमताईंनी दुधाची पिशवी खाली ठेवली आणि आणखी एक वाळकं पान पायानं हळूच चिंगीकडे सरकवलं.