मुस्यूंनी गाळलेला प्रवेश

एमिल गारों हे आमचे अमेरिकेतल्या पार्सिपनी गावचे शेजारी. मी त्यांना मुस्यू म्हणायची. फ्रान्समध्ये पुरुषमाणसाला असंच म्हणतात, असं माझ्या मुलानं, हेमचंद्रनं सांगितलं होतं.

त्यांचा बाप शिंपी. काज-बटणं करता करता मुस्यू नाटकं लिहायला लागले, सगळी हसवायची. मग सिनेमे काढले, सहा. पहिल्या चारांना लोक पोट धरधरून हसले, पाचव्याला नुसते खोकले आणि सहाव्याला आलेच नाहीत. पुढे बायको मादलेन गेली. मग मुलीकडे अमेरिकेत आले, आणि अंगणातला बर्फ उपसण्यापलीकडे काम उरलं नाही. माझंही तसंच, फक्त मी पोळ्या लाटायची.

चौऱ्याण्णव साली आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला नाटक हवं होतं. हेमचंद्रनं मुस्यूंचं शिंप्याचं जुनं नाटक मराठीत आणलं. मुस्यू त्याला म्हणाले, "पंधरा वर्षांत माझ्या वाक्याला हॉल हसलेला नाही. एकदा ऐकायचंय."

तालमी आमच्या बेसमेंटमध्ये. मुस्यूंना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी दिग्दर्शक तेच. नटांकडे पाठ करून बसायचे आणि माझं तोंड बघायचे. मी हसले नाही की ती ओळ हेमचंद्रकडून दाखवून घेऊन पेन्सिलीनं खोडायचे. सिनेमेही असेच कापले म्हणे, थिएटरात लोकांची तोंडं बघून. सून पद्मजा वैतागायची, "आई, हसा ना प्लीज! माझे सगळे डायलॉग कॅन्सल होतायत!"

एका प्रवेशात शिंपी मेलेल्या बायकोचा कोट खुंटाळ्यावर चढवतो आणि त्याच्याशी कडाकडा भांडतो. हेमचंद्र माझ्या कानात म्हणाला, "हा प्रवेश मादलेन गेल्यावर घातलाय त्यांनी."

मला हसू आलं नाही. पण माणूस इतक्या आशेनं बघत होता! कुणाच्या घरी आमटी खारट झाली तरी आपण पुन्हा वाढून घेतोच की. मी पदर तोंडाला लावला आणि हसले. प्रवेश राहिला.

प्रयोगाला शाळेचा हॉल भरला. पहिला अंक छान रंगला. मग खुंटाळ्यावर कोट चढला, आणि सगळं चिडीचूप. एवढ्यात एक पोर मोठ्यानं म्हणालं, "मॉम, इज इट ओव्हर?" हॉल हसला तो त्याला. त्यानंतर नाटकानं काही मान वर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मुस्यू आले. चहाला हात लावला नाही. हेमचंद्रच्या तोंडून विचारलं, "बाई, तुम्ही तर हसला होतात."

"मन राखलं तुमचं," मी म्हणाले. "खोटं हसले."

हेमचंद्र घुटमळला. "आई, हे सांगू त्यांना?"

"सांग. माझं पाप मलाच फेडू दे."

हेमचंद्रनं सांगितलं. मुस्यू म्हणाले, "अंधारात बसलेल्या लोकांनी माझं मन कधी राखलं नाही, म्हणून मला हा धंदा आला. तुम्ही भल्या आहात. भल्या माणसाला तालमीत बसवू नये, ही चूक माझी."

"मग आता खरं सांगते. त्या प्रवेशात मला रडू येत होतं."

"मलाही," ते म्हणाले, आणि हेमचंद्रकडून नाटकाची वही मागून घेतली. त्या प्रवेशाची चारही पानं स्वतः खोडली. एकेक ओळ, हळूहळू. मला वाटलं थांबवावं, पण आधी एकदा मन राखून बघितलं होतं.

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावच्या मंडळात प्रयोग झाला. या वेळी लोक सुटले ते सुटलेच. पद्मजाला पुढचं वाक्य घ्यायला थांबावं लागत होतं, बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. मुस्यू शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते. कोटाचा प्रवेश जिथं होता ती जागा आली आणि गेली, लोक हसतच होते. मी तेवढा वेळ त्यांच्याकडे बघितलं नाही.