इंदुताईंनी पास केलेला कॉम्प्युटर

चाकणच्या ज्या कंपनीत इंदुताई कामाला आहेत, तिथे बाहेरून आलेला एकही पार्ट त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय लाइनवर जात नाही. एकवीस वर्षं त्या हेच करतायत. पार्ट घ्यायचा, मापायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि हिरवं नाहीतर लाल स्टिकर लावायचं. लाल लावताना त्यांचा हात जराही अडखळत नाही. व्हेंडरची माणसं त्यांना टरकून असतात. दिवाळीला काजूकतलीचे डबे आणतात, तेही त्या परत पाठवतात. अशा बाईनं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेम खेळायला स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जुळवायचं मनावर घेतलं, तर तिला कोण अडवणार?

कारण होती सई. एकुलती एक लेक, दोन वर्षांपासून हैदराबादला नोकरीत. फोन रोज व्हायचा, पण "जेवलीस का?" "जेवले." "तब्येत?" "बरीय." एवढ्यातच संपायचा. रविवारी तर सहाच्या ठोक्याला सई म्हणायची, "आई, ठेवते गं, आमचं जहाज सुटतंय." जहाज म्हणजे गेम. सई आणि तिच्या तीन मैत्रिणी आपापल्या घरी बसून एकच मालवाहू जहाज चालवायच्या. एकीकडे सुकाणू, एकीकडे इंजिन, एकीकडे नकाशा आणि चौथीनं तळाशी भोकं बुजवत पाणी उपसायचं. चौथीचं लग्न ठरलं आणि ती गळाली.

"दर वेळी बुडतोय गं आम्ही," सई म्हणाली.

"मी येऊ?" इंदुताई बोलून गेल्या.

सई खळखळून हसली. "आई, मोबाइलवर नाही चालत ते. गेमिंगचा कॉम्प्युटर लागतो."

"दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत जागा ठेव."

"बरं बाई, ठेवली. नाही जमलं तर ऑफिसमधली एक जण विचारतेय, तिला घेऊ."

ते हसणं इंदुताईंना लागलं. पण त्याहून जास्त त्या हरखल्या. लेकीच्या जवळ एक जागा रिकामी होती आणि ती तीन आठवडे आपल्या नावावर होती!

दुसऱ्या दिवसापासून पिंपळे गुरव ते चाकण कंपनीच्या बसमध्ये अभ्यास सुरू झाला. मोशीच्या ट्रॅफिकला सगळी बस शिव्या घालायची, इंदुताई मात्र खूश, कारण तेवढ्यात एक व्हिडिओ जास्त बघून व्हायचा. शेजारी डिस्पॅचमधली निशिगंधा बसायची.

"ताई, रेसिपी बघताय?"

"मदरबोर्ड बघतेय."

निशिगंधा खिडकीबाहेर बघायला लागली.

भिशी आणि बोनस मिळून हातात पंचावन्न हजार होते, त्यात सगळं बसवायचं होतं. त्यांनी चेकशीट केली. कोणता प्रोसेसर कोणत्या मदरबोर्डवर बसतो, ग्राफिक्स कार्डची लांबी किती, कॅबिनेटच्या आत जागा किती, पुढचा पंखा त्यातली किती खातो. मॉनिटरवर त्यांनी काट मारली, घरचा टीव्ही होता की. वाचलेला पैसा सरळ ग्राफिक्स कार्डाकडे वळवला, कारण गेमचं चित्र तेच काढतं. रोज एक आकडा बदलायचा आणि रोज त्यांना वाटायचं, आता जमलं! एवढी मजा त्यांना घराची फरशी निवडतानाही आली नव्हती.

मुदतीच्या रविवारच्या आदल्या दिवशी पिंपरी कॅम्पातल्या दुकानात त्या टेप, भिंग आणि नवरा घेऊन गेल्या. सदाशिवराव मूळचे लातूरचे, पिशव्या धरायला आले होते.

"मॅडम, हा काचेचा कॅबिनेट घ्या," दुकानदार म्हणाला. "आत सात रंगांचे पंखे."

"त्यानं जहाज जोरात पळतं का?"

"नाही, पण दिसतं भारी."

"मग तो साधा काळा काढा."

त्यानं साधा काढला. "यात एसएमपीएस फ्री देतो."

एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. इंदुताईंनी तो हातात घेऊन नुसता तोलला. "हलका आहे. फ्रीचा पार्ट जळला तर जबाबदारी कोणाची? हा रिजेक्ट. तीन वर्षं वॉरंटीचा दाखवा."

दोन तास त्यांनी एकेक खोका उघडून बघितला. एका मदरबोर्डची पिन वाकडी निघाली, तो परत गेला. दुकानदारानं स्वतःहून चहा मागवला.

"इंदू, हे काय करायलीस?" सदाशिवराव कंटाळून म्हणाले. "लग्नानंतर मिक्सर घेताना बी एवढं बघितलं नव्हतंस."

"मिक्सर तुमच्या आईंनी घेतला होता," इंदुताई म्हणाल्या आणि भिंग पुढच्या खोक्याकडे वळवलं.

रविवारी सकाळी देवपूजा आटोपून त्या जमिनीवर चादर पसरून बसल्या. प्रोसेसर खाचेत अलगद बसला, तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला होता. त्याच्यावर उष्णता वर नेणाऱ्या पेस्टचा ठिपका आणि वर तो गार ठेवणारा कूलर. रॅम टकटक आवाज करत बसली. कार्ड तर मापात इतकं चपखल गेलं की त्यांनी सदाशिवरावांना स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. बटण दाबलं, पंखे फिरले, टीव्हीवर अक्षरं उमटली आणि इंदुताईंनी चक्क टाळ्या पिटल्या. दुपार गेम चढवण्यात गेली.

सहाला पाच कमी असताना त्या जहाजावर होत्या, कानाला हेडफोन. "आई! खरंच तू?" सई किंचाळली. मैत्रिणी "काकू, काकू" करत ओरडल्या. जहाज सुटलं, इंदुताईंनी पहिलं भोक बुजवलं आणि टीव्ही काळा झाला. पुन्हा चालू केलं. सहा मिनिटांनी पुन्हा काळा. जहाज बुडालं.

फोन वाजला. "आई, राहू दे गं," सई म्हणाली. आवाज मऊ होता आणि तेच इंदुताईंना सहन होईना. "आम्ही त्या ऑफिसमधल्या मुलीला बोलावतो आज."

"अर्धा तास दे."

"आई..."

"अर्धा तास, सई!"

डोकं कंपनीत असल्यासारखं चालायला लागलं. मशीन पुन्हा सुरू करून त्यांनी प्रोसेसरचं तापमान बघितलं, अठ्ठ्याण्णव. कूलरला बोट लावलं, तर गार. म्हणजे उष्णता वर येतच नव्हती. मधे काहीतरी होतं. मशीन बंद करून त्यांनी स्क्रू काढले, कूलर उलटा केला आणि कपाळावर हात मारून घेतला.

कूलरच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच होती! ती त्यांना सकाळी दिसली होती. दिसली म्हणूनच तिला धक्का लावला नव्हता. त्यांच्या कंपनीत पार्टवरची फिल्म काढणं म्हणजे गुन्हा, ती फक्त गिऱ्हाइकानं काढायची. मागच्याच वर्षी या कारणावरून एका ट्रेनीला त्यांनी मेमो दिला होता. आज गिऱ्हाईक आपणच आहोत, हे बाई साफ विसरल्या होत्या.

"अहो, मी गाढव आहे," त्या हसत ओरडल्या.

"लिहून देतीस का?" आतून आवाज आला.

फिल्म ओढली, पुसलं, उरलेली पेस्ट लावली, स्क्रू आवळले. तापमान एकावन्न. अठ्ठाविसाव्या मिनिटाला त्या तळाशी हजर होत्या आणि जहाज पुन्हा निघालं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, टीव्ही काळा झाला नाही. इंदुताई भोकं बुजवत होत्या, पाणी उपसत होत्या, मुली वरून हुकूम सोडत होत्या आणि सई सुकाणूवर होती. मेथी निवडताना पूर्वी ती अशीच जवळ असायची, मान खाली, हात कामात.

"आई," सई मधेच म्हणाली. "मला इथं नाही राहायचं. सहा महिने झाले, रोज बाथरूममध्ये जाऊन रडते मी. ही नोकरी सोडायचीय."

"सांगितलंस एकदाचं," दोघी मैत्रिणींपैकी एक म्हणाली. त्यांना ते आधीच ठाऊक असावं.

इंदुताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते मनगटानं पुसलं, दुसरा हात कामावरून काढला नाही.

"सोड," त्या म्हणाल्या. "उद्याच सांग त्यांना. पण आत्ता डावीकडे घे, पुढं खडक आहे."

सईनं नाक ओढलं आणि जहाज डावीकडे घेतलं.